कुकरच्या शिट्टीवर गिरकी

ये गं संगे, जरा जवळ सरक. अशी दाराशी उभी राहून ‘मावशी, घाईत आहे’ म्हणू नकोस. आता खरं म्हणजे तू तिकडे मानखुर्दला आणि मी इथे चारकोपला खिडकीशी खुर्ची ओढून लिहीत बसलेय, पण मला बोलताना माणूस समोर लागतं, म्हणून तुला मनानंच बसवलंय. बस. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. ही काय पद्धत गं तुझी? माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, आणि सगळा श्रावण मला नुसते मेसेज! सकाळी गुलाबाचं फूल, संध्याकाळी समईचं चित्र. मी लिहिलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तर तू अंगठा पाठवलास. मी लिहिलं, शेजारच्या वहिनी मोरीत घसरून पडल्या, तर त्यालाही अंगठा. अगं, त्या बाईचा पाय मोडला आणि तू अंगठा काय दाखवतेस? तोंड आहे ना तुला? फोन करायला काय होतं?

काय होतं ते मला ठाऊक आहे म्हणा. त्यावर येतेच. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं.

सोसायटीत गणपतीची तयारी सुरू झालीये. गेटजवळ मांडवाचे बांबू येऊन पडलेत, त्यांवर ओली ताडपत्री. संध्याकाळ झाली की हॉलमधून पोरांच्या पायांचा धपधप आवाज येतो आणि मधूनच कोणीतरी ओरडतं, ‘अरे पुन्हा पहिल्यापासून!’ यंदा कमिटीनं ठरवलंय की एक संध्याकाळ पूर्ण नव्वदच्या दशकातल्या गाण्यांची. शेजारची ईरा, सातवीत आहे, ती माझ्याकडे आली. म्हणाली, “आजी, तुम्हाला नाइन्टीज माहितीये का? म्हणजे तेव्हा तुम्ही होतात ना?”

मी म्हटलं, “होते म्हणजे? बाळा, तुमचं ते अख्खं नाइन्टीज मी ह्या मशीनवर शिवलंय!”

पोरगी वाकून मशीनकडे बघायला लागली. पण खोटं बोलले का मी? लोक गाणी सुरांवरून ओळखतात, शब्दांवरून ओळखतात. मी कापडावरून ओळखते. परदेशी पोरांचं ते धाडधाड वाजणारं नाचाचं गाणं म्हणजे माझ्यासाठी रुपेरी साटीन, सुईखालून मासोळीसारखं निसटणारं. पंजाबी ठेक्यावरचं गाणं म्हणजे चमकीचं जॅकेट आणि बाह्यांना झालर. ती चमकी चार दिवस वरणातसुद्धा सापडायची. इंग्रजीतलं रडकं, सावकाश गाणं आलं की पांढरी नेट, आणि ती टोचते म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक फ्रॉकवाला कारखाना होता, तिथून मी कापडाचे उरलेले तुकडे आणायचे. जो रंग मिळेल तो. त्यामुळे आपल्या पोरींचे कपडे टीव्हीवरच्यासारखे कधी झाले नाहीत. एक हात जांभळा, एक हात पोपटी. पण लांबून झकास दिसायचे.

त्या गाण्यांतलं एक अक्षर मला कळत नव्हतं. पायाला मात्र कळायचं. पायमशीन आणि टेप एकाच खोलीत, त्यामुळे माझं पायडल आपोआप गाण्याच्या ठेक्यात चालायला लागायचं. दर गणपतीला तू माझ्याकडे राहायला यायचीस, इथल्या पोरींबरोबर नाच बसवायचीस, आणि तुम्ही गाणं मध्येच थांबवलंत की माझा टाका चुकायचा. कितीदा ओरडलेय मी तुमच्यावर, “ए बयांनो, कॉलर लागेपर्यंत तरी थांबवू नका गं!” खाट बाहेर गल्लीत काढून ठेवलेली असायची, म्हणजे आतली फरशी नाचायला मोकळी. ह्यांची मिल बंद पडून वॉचमनची नोकरी लागली होती तेव्हा. ड्युटीवरून आले की बाहेर त्या खाटेवरच बसायचे, चहाचा कप हातात. भजनातला माणूस तो. तोंडानं म्हणायचे, ‘काय हा धांगडधिंगा!’ आणि चपलेतला अंगठा मात्र ताल धरून हलत असायचा. मी खिडकीतून बघायचे, पण बोलले कधी नाही. बोलले असते तर अंगठा थांबला असता.

भाद्रपदातली ती दमट हवा आठवते तुला? काही म्हणजे काही वाळायचं नाही. साटीनला एक कुबट वास यायचा, त्यात मशीनच्या तेलाचा, त्यात तुमच्या घामाचा आणि डोक्याला चोपडलेल्या खोबरेलाचा. खाडीकडून वारा आला की तिवरांचा चिखलाचा वास. आता हॉलमध्ये एसी लावलाय. पोरं नाचतात आणि कोरडीच राहतात.

मेल्विन परवा भेटला. पलीकडच्या गावठाणातला मेल्विन गं, तेव्हा कॉलेजात होता, गिटार वाजवायचा, केस मानेपर्यंत. आता डोक्यावर केस नाहीत आणि मुलीचं लग्न काढलंय. आमचा रॉकवाला तो. एकदा त्याच्या आईनं माझ्याकडे त्याची जीन्स पाठवली, दोन्ही गुडघ्यांवर ह्या एवढी फाटलेली. मी म्हटलं, बिचारा पोरगा, पडला असेल कुठेतरी. छान आतून कापड लावून, दोरा जुळवून असं रफू केलं की शोधून दिसू नये. संध्याकाळी मेल्विन दारात, रडकुंडीला आलेला. “आंटी, ये तुमी काय केला? मी दोन दिवस दगडावर घासून फाडला होता!” परवा तो ते सांगून इतका हसला की डोळे पुसावे लागले. म्हणाला, “आंटी, संगीता येनार ना प्रोग्रामला? ती नाय तर नाइन्टीज कसला?”

मी म्हटलं, विचारते. आणि विचारायला माझी हिंमत होईना. कारण मला ठाऊक आहे, सुमन गेल्यापासून, म्हणजे तुझी आई गेल्यापासून, तुझ्या घरात गाणं लागत नाही. सहा महिने मी समजू शकले. सुतकाचं मन असतं. पण आता वर्ष होत आलं. तुझा नवरा मला म्हणाला, “मावशी, रिक्षात गाणं लागलं तरी ती बंद करायला सांगते.” ज्या पोरीच्या अंगात उदबत्तीच्या जाहिरातीवरसुद्धा नाच यायचा, ती पोरगी!

आणि मग श्रावण लागायच्या आधी तू मला ते फोनवर सांगितलंस. जेमतेम चार वाक्यं बोललीस. “मावशी, आईचा आवाज कुठेच नाहीये गं. फोटो आहेत, लग्नाच्या व्हिडिओत आई आहे, पण सगळीकडे नुसती उभी. बोलतच नाही. एका ठिकाणी होता, तो मी पुसला.”

मी काही बोलायच्या आत तुझा हुंदका, आणि फोन बंद. तेव्हापासून गुलाबाची फुलं.

तर संगे, ज्या कॅसेटवर तो आवाज होता, तिचं आज नीट बोलू. तू फक्त शेवट धरून बसलीयेस. मी सगळं सांगते.

त्या वर्षी नाचाला तुम्ही निवडलेलं गाणं बाजारात अजून आलंच नव्हतं. केबलवर संध्याकाळी फर्माइशीच्या कार्यक्रमात लागायचं, आणि केबल होती मानखुर्दला तुमच्याकडे. आम्हाला इथे नुसत्या मुंग्या दिसायच्या. म्हणून टेप तिकडे नेलात. टीव्हीच्या तोंडासमोर टेप ठेवायचा, दोन्ही बटणं एकदम दाबायची, आणि गाणं संपेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही, अशी तुमची पद्धत. पण घर म्हणजे एक खोली. टीव्हीपासून चार पावलांवर ओटा, आणि नेमकी स्वयंपाकाची वेळ. सुमन तोंडाला पदर लावून उभी राहिली गं, पण कुकरला कोण पदर लावणार? गाणं ऐन रंगात आलं आणि कुकरची शिट्टी! त्या शिट्टीनं दचकून तिनं मागे बघितलं तर दूध वर आलेलं. मग सगळं विसरून ती ओरडली, “गो संगे, दूध बघ, दूध! उतू गेला गो!” आणि धावताना डाव पडला, ठण्ण. वर आणखी एक शिट्टी, कारण कुकर कोणी उतरवलाच नव्हता.

हे सगळं गाण्यात भरलं गेलं. कार्यक्रमात ते गाणं पुन्हा कधी लागेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही तीच कॅसेट घेऊन चारकोपला आलात. तिचे वरचे दोन्ही दात तू लगेच मोडून टाकलेस, म्हणजे चुकून कोणी तिच्यावर दुसरं काही भरू नये. आणि नाच बसवलात त्या कॅसेटवर. पहिले दोन दिवस शिट्टी आली की हसायचात. तिसऱ्या दिवशी शिट्टीवर गिरकी घ्यायला लागलात. सुमनचं ‘दूध बघ’ आलं की सगळ्यांनी एकदम खाली बसायचं. डाव पडला की टाळी देऊन उडी. आणि दुसऱ्या शिट्टीवर उलटी गिरकी. मला तर कळेना, गाणं कुठे संपतं आणि माझ्या बहिणीचं घर कुठे सुरू होतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी साउंडवर होता मेल्विन. मनाचा चांगला मुलगा. बांद्र्याच्या कुठल्या भावाकडून त्यानं नवी कोरी, परदेशातून आलेली कॅसेट पैदा केली. मला म्हणतो, “आंटी, आज बघाच तुमी! एकदम ओरिजिनल!” मलाही वाटलं, वा! माझ्या डोक्यात आलंच नाही. तुमच्याही आलं नाही.

तुम्ही स्टेजवर, जांभळ्या-पोपटी बाह्या चमचमतायत. गाणं सुरू झालं, काय तो आवाज, स्वच्छ, काचेसारखा! आणि शिट्टीची जागा आली. शिट्टी नाही. बस का आली नाही म्हणून थांब्यावरचं माणूस रस्त्याकडे बघतं ना, तशी तू स्पीकरकडे बघत राहिलीस. एकीनं अंदाजानं गिरकी घेतली, ती दुसरीवर आपटली. पुढच्या खुर्च्यांवर हशा पिकला. तू दोन पावलं मागे सरकलीस, मला खालून दिसत होतं. वाट लागली, मी मनात म्हटलं.

आणि तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. सुमन उभी राहिली. अगं, जी बाई रेशनच्या दुकानात स्वतःचं नाव सांगताना माझ्या कानात सांगायची आणि मी ते दुकानदाराला सांगायचे, ती बाई सगळ्या सेक्टरसमोर उभी राहून खच्चून ओरडली, “गो संगे, दूध बघ, दूध! उतू गेला गो!”

सगळ्या पोरी धप्पकन खाली बसल्या. एकदम. एका तालात.

मग तिची भीड गेली ती गेलीच. छत्रीचा दांडा तिनं लोखंडी खुर्चीवर हाणला, ठण्ण, आणि तुम्ही उडी मारलीत. मेल्विनच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं दोन बोटं तोंडात घालून माइकमध्ये अशी शिट्टी मारली की मांडवातली कबुतरं उडाली. तुमची उलटी गिरकी! लोक खुर्च्यांवर चढले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलची एकेक वाटी. तशी टाळी मी पुन्हा त्या मांडवात ऐकली नाही.

इथपर्यंत तुलाही आठवतं. पुढचं तुला माहीत नाही.

त्यानंतर सुमनला इथल्या लोकांनी सुखानं चालू दिलं नाही. भाजीवाला, गिरणवाला, बसच्या रांगेतल्या बाया, “काय सुमनताई, दूध बघितलं काय?” प्रेमानंच म्हणायचे गं. पण ती मरणाची लाजायची. चारकोपला यायचं म्हटलं की पाठच्या गल्लीतून यायची. पुढच्या वर्षी गणपतीआधी ती आली, तुम्ही पोरी मांडव बघायला गेला होतात, मी बटणं लावत होते. तिनं टेपवरची ती कॅसेट उचलली. माझ्या मशीनच्या खणातून चिकटपट्टी काढली, माझ्याच कात्रीनं कापली, आणि मोडलेल्या दातांवर बरोब्बर बसवली, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येईल. मी म्हटलं, “अगं सुमन, राहू दे की ती.” तर म्हणते, “आक्का, ह्यो आवाज आधी घालव गो बाये. कोंबडीसारखो आवाज माझो. पोरांनी काय म्हणून जपूचो?” मग तू आलीस, आणि तिनं ती तुझ्या हातात दिली. “घे, रिकामी आसा. नवीन गाणी भर.”

तू बटण दाबलंस, बस. ही चिकटपट्टी कोणी लावली, हे तेव्हा तू विचारलं नाहीस, आणि तेरा-चौदा वर्षांची पोर कशाला विचारेल? नव्या वर्षीचं नवं गाणं डोक्यात घुमत होतं तुझ्या.

आता मी खोटा दिलासा देणार नाही. पुसलं गेलं ते गेलं. आजकाल वाटतं, आपण त्या दशकात किती काय पुसलं! दर भाद्रपदात नवं गाणं, म्हणून जुन्यावर भरायचं. गेल्या वर्षीच्या हसण्यावर ह्या वर्षीचा ठेका. ती गाणी मात्र एकही हरवली नाही बघ. ईराच्या फोनवर सगळी आहेत, बोट लावलं की हजर. जगानं ती सांभाळली. आपण सांभाळायचं होतं ते आपलं घर, आणि आपण खोकल्याचा आवाज आला तरी एकमेकांना गप्प करत बसलो. फोटोला सुमनला नवं पातळ नेसवून दारात उभी केली आपण, ‘हलू नकोस’ म्हणून सांगितलं. आवाज कोणी जपून ठेवायचा असतो, हे डोक्यातच नव्हतं. तो काय, रोजच होता. उलट रोज इतका होता की ‘आई, हळू बोल गं’ म्हणायचो.

ह्यांचाही आवाज नाही माझ्याकडे. भजनाला कोरसमध्ये कुठेतरी आहेत म्हणतात. मी ऐकून पाहिलं, त्यातले हे कुठले ते ओळखू आले नाहीत. तेव्हापासून ते लावत नाही. तेव्हा तुला काय होतं ते मला कळत नाही असं समजू नकोस.

परवा ईरानं तेच गाणं हॉलमध्ये लावलं. पोरं सुरेख नाचत होती, एकही पाय चुकत नव्हता. मी दारात उभी होते. मला तुझी इतकी आठवण झाली की मी तिथेच तुला फोन लावायला घेतला, आणि मग आठवलं की तू उचलणार नाहीस.

का उचलणार नाहीस ते सांगू? त्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या मी काय म्हटलं होतं? “संगे, जेवलीस काय गो?” एवढंच. आणि तू म्हणालीस, “मावशी, असं नको ना बोलूस. अगदी आई वाटतेस.” खरं आहे तुझं. आम्हा दोघी बहिणींचा आवाज कोणाला वेगळा ओळखता यायचा नाही. गावी उलटं बोलायची सुमन आणि आमच्या आजीचा मार मला बसायचा. आता दात गेल्यावर तर मी आणखीच तिच्यासारखी बोलायला लागलेय, माझं मलाच ऐकू येतं. देवासमोर पुटपुटताना कधीकधी मीच दचकते.

म्हणून तू फोन करत नाहीस, नुसती फुलं पाठवतेस. समजले मी. राग नाही. पण संगे, ह्यावर उपाय माझ्याकडे नाही गं. दुसरा आवाज कुठून आणू? आणि हाही काही कायमचा नाही. मी सुमनपेक्षा मोठी आहे, हे विसरू नकोस. तू आज हा आवाज टाळशील, उद्याही टाळशील, आणि मग एक दिवस मेल्विन तुला मेसेज करेल, तेव्हा अंगठासुद्धा पाठवता येणार नाही तुला.

तर नाचायला ये म्हणत नाही मी. गाणं ऐकायला ये असंही म्हणत नाही. नव्वदची ती संध्याकाळ ईराची, ती तिची तिला होऊ दे. तू त्याच्या आधी ये, ह्या रविवारीच ये. पुढच्या आठवड्यात डोळ्याला पट्टी बांधतील आणि मग तुझा चेहरा मला धड दिसायचा नाही. सकाळीच निघ, जेवायला ये, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार करते, आणि संध्याकाळपर्यंत थांबायच्या तयारीनं ये. मी बोलेन, तू नुसती बस. मध्ये रडू आलं तर मी थांबणार नाही, आधीच सांगते, मी बोलतच राहीन. अगदीच ऐकवेनासं झालं तर ओरड माझ्यावर, भांड, काय वाटेल ते कर. पण इथे येऊन कर गं. लवकर ये.